गच्चीवरच्या बागेत सोडण्यासाठी लेडीबर्ड विकत घेणे योग्य आहे का?

इंदिरानगरची_गच्ची:

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरात राहते आणि गेली सहा वर्षे आमच्या इमारतीच्या गच्चीवर कुंड्यांमध्ये भाजी आणि फुलझाडे लावते. यंदा डिसेंबरच्या मध्यापासून शेवंतीच्या कळ्यांवर काळा मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, इतका माजला की देठ दिसेनासे झाले, आणि त्याच सुमारास वालाच्या शेंड्यांवरही तो चढला. घरात बरीचशी भाजी गच्चीवरचीच शिजते, त्यामुळे विषारी फवारणी मला करायची नव्हती. मित्रकीटकांबद्दल पुष्कळ वाचले होते, म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून शंभर लेडीबर्डची, म्हणजे मावा खाणाऱ्या ढालकिड्यांची, बाटली मागवली.

बाटली चौथ्या दिवशी हातात पडली. आत कागदाच्या कातरलेल्या पट्ट्या होत्या आणि तळाशी पाय वर करून पडलेले किडे होते. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने ते पांढऱ्या बशीत काढून मोजले, तर मेलेले सदतीस भरले. उरलेले आम्ही त्याच संध्याकाळी शेवंतीवर सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तेव्हा पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर चार-पाच दिसले, शेवंतीवर एकही नव्हता आणि मावा जसाच्या तसा होता. आणखी एक गोष्ट खटकली, ती म्हणजे यांच्या पाठीवर ठिपकेच नव्हते. पाठ काळपट तपकिरी, डोके आणि मागचे टोक नारिंगी, आणि आकार मसुरीच्या दाण्याहूनही लहान. छायाचित्र जोडले आहे.

पैसे गेले त्याचे फारसे वाटत नाही. पण मुलीने विचारले की हे किडे आधी कुठे राहत होते, आणि मला सांगता आले नाही. कुठल्या रानातून कोणी गोळा करून आणले की कुठे वाढवले, त्यांच्याबरोबर काही रोगराई आली का, आपल्याकडच्या ढालकिड्यांच्या तोंडचा घास ते पळवतील का, यांपैकी एकाही गोष्टीची चौकशी न करता मी जिवंत प्राणी कुरिअरने मागवले होते. आता आमच्या सोसायटीत २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर मुलांच्या हातून एक हजार लेडीबर्ड बागेत सोडायचे ठरते आहे. कल्पना माझ्याच बाटलीवरून सुचलेली असल्यामुळे समितीने माझे मत मागितले आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

कॉलेजरोड_कुंड्या:

ताई, आपण उगाच स्वतःला दोष देत आहात असे मला वाटते. आपण गांडुळे विकत आणतो, शेतकरी परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात, शोभेचे मासे आणतो, आणि त्यात कोणी नीतीचा प्रश्न काढत नाही. शंभर लेडीबर्ड सोडल्याने एक जरी घर विषाच्या फवारणीपासून दूर राहिले, तरी त्यात हित आहे. फवारणी केली असती तर आपल्या गच्चीवरचे सगळेच कीटक मेले असते, त्या मानाने सदतीस ही हानी लहान आहे. मुलांच्या कार्यक्रमालाही माझा पाठिंबा आहे, कारण ज्या मुलाच्या बोटावर एकदा ढालकिडा चालला ते मूल पुढे किडा दिसला की चप्पल उगारणार नाही.

निफाडचा_कीटकमित्र:

ताई, मी कृषी कीटकशास्त्र शिकलो आहे आणि चार वर्षे मित्रकीटक वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

छायाचित्रातला किडा क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा आहे. तो मूळचा ऑस्ट्रेलियातला. १८९८ साली कॉफीवरच्या खवले किडींसाठी तो भारतात आणला गेला आणि पुढे दक्षिणेत स्थिरावला. त्याचे मुख्य खाणे मावा हे नसून पिठ्या ढेकूण, म्हणजे ज्याला आपण मिलीबग म्हणतो तो आहे. मादी अंडीसुद्धा मिलीबगच्या कापसासारख्या अंडीपिशवीत घालते. भुकेपोटी तो थोडाफार मावा खाईल, पण नुसता मावा असलेल्या शेवंतीवर त्याची वीण होणार नाही. त्यात जानेवारीतली आपल्याकडची थंडी, जेव्हा निफाडचा पारा अनेकदा एक आकडी होतो, त्याला मुळीच मानवत नाही. थोडक्यात, विक्रेत्याने 'लेडीबर्ड' या एका नावाखाली चुकीचा प्राणी, चुकीच्या ऋतूत, चुकीच्या किडीवर पाठवला, आणि तुमच्या गच्चीवरून तो उडून गेला यात त्याचा काहीच दोष नाही. इमारतीत कोणाच्या जास्वंदीवर किंवा सीताफळावर पांढरा पिठ्या ढेकूण असेल तर तिथे एकदा पाहा, जगलेले किडे तिकडे गेलेले असू शकतात.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईल. हे किडे बहुतेक डांगरावर वाढलेले असतात. आमच्याकडे चांगले पिकलेले, खोलगट रेघांचे डांगर निवडून धुऊन, बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून सुकवत असू आणि मग त्यावर मिलीबगची अंडी ठेवत असू. काही आठवड्यांत अख्खे डांगर पीठ चोळल्यासारखे पांढरे होते. मग ते जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून त्यावर क्रिप्टोलिमसचे भुंगेरे, म्हणजे पूर्ण वाढलेले किडे, सोडायचे, आणि त्यांच्या पुढच्या पिढीचे भुंगेरे बाहेर पडले की ते एकेक करून चोषकनळीने टिपायचे. म्हणजे तुमच्याकडे आलेले किडे कुठल्या रानातून ओरबाडून आणलेले नसावेत, आणि भारतात मिळणाऱ्या क्रिप्टोलिमसच्या बाबतीत तरी ही समाधानाची बाजू आहे.

अमेरिकेतला व्यापार याहून फार वेगळा आहे. तिथे घरगुती बागांसाठी विकला जाणारा नेहमीचा लेडीबर्ड म्हणजे हिप्पोडेमिया कन्व्हर्जन्स. हे भुंगेरे कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत हिवाळ्यासाठी एकत्र जमून थवे करून बसतात, आणि ते थवेच्या थवे पोत्यांत भरून, थंड साठवणीत ठेवून विकले जातात. हिवाळी झोपेतून उठलेला हा प्राणी मुळात दूर उडून जाण्याच्या तयारीत असतो, त्यामुळे सोडल्यावर थोड्याच दिवसांत बहुतेक सगळे बाग सोडून जातात. शिवाय अशा रानातून गोळा केलेल्या किड्यांत त्यांच्या शरीरात वाढणारी परोपजीवी गांधीलमाशी आणि सूक्ष्मबीजाणूंचा रोग आढळतो, आणि तो त्यांच्याबरोबर नव्या जागी जातो. ज्याने विकत घेतले त्याच्या बागेतला मावा तिथेच राहतो आणि ज्या डोंगरातून आणले तिथली संख्या मात्र तेवढ्याने घटते. भारतात कोणी हा धंदा रानातल्या ढालकिड्यांवर सुरू केला तर त्याला विरोध केला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

'कॉलेजरोड_कुंड्या' यांनी लहान हानीचा मुद्दा मांडला आहे. एका बाटलीपुरता तो बरोबर आहे. पण सोडलेला कीटक परत गोळा करता येत नाही, आणि खरी भीती त्याचीच आहे. हार्मोनिया ॲक्सिरिडिस हा आशियाई ढालकिडा पिकांच्या रक्षणासाठी अमेरिकेत आणि युरोपात सोडला गेला. १९८८ मध्ये लुइझियाना राज्यात त्याची स्थिरावलेली वस्ती सापडली, आणि २००४ मध्ये तो इंग्लंडला पोहोचला. हा खादाड आहे. मावा संपला की तो इतर ढालकिड्यांची अंडी आणि अळ्या खातो. तो आल्यानंतर ब्रिटनमधल्या दोन ठिपक्यांच्या स्थानिक ढालकिड्याची संख्या झपाट्याने खाली आली. आपल्या नाशिककरांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे २००१ च्या हंगामात कॅनडातल्या ऑन्टारियोमध्ये हे भुंगेरे द्राक्षाच्या घडांत लपून क्रशरमध्ये गेले आणि त्यांच्या अंगातल्या मेथॉक्सिपायराझिन या द्रव्यामुळे तिथल्या वाइनला शेंगदाण्याच्या टरफलासारखा, हिरवट वास आला. गंगापूर धरणाकडच्या वाइनरींपासून आपण किती जवळ राहतो हे सांगायला नको.

याचा अर्थ मित्रकीटक सोडणेच वाईट असा मुळीच नाही, नाहीतर मी ते काम केलेच नसते. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात आणलेल्या व्हेडेलिया भुंगेऱ्याने तिथल्या संत्रा-लिंबाच्या बागा एका खवले किडीपासून वाचवल्या. आपल्याकडे २००८ मध्ये कोइम्बतूरजवळ पपईवर नवा मिलीबग आढळला आणि तो पाहता पाहता महाराष्ट्रातही पसरला. तेव्हा बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने, जिचे आजचे नाव राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आहे, २०१० मध्ये त्याचा परोपजीवी कीटक बाहेरून आणून, विलग ठेवून, तपासून मगच सोडला, आणि कीड आटोक्यात आली. दोन्ही ठिकाणी कीड बाहेरून आलेली होती, तिला इथे शत्रू नव्हता, आणि जो प्राणी आणला तो नेमकी तीच कीड खाणारा होता. तुमच्या शेवंतीवरच्या माव्याला मात्र इथे शत्रूंची वानवा नाही. बाहेरच्या देशातून जिवंत कीटक मागवायला तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना लागतो, त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरून कोणी लेडीबर्ड मागवत असेल तर त्यांनी कृपया तसे करू नये.

सोसायटीसाठी माझे मत असे की हे किडे मागवू नयेत. सकाळी आठ-नऊच्या थंडीत, टाळ्यांच्या आवाजात, जिथे त्यांचे खाणे नाही अशा हिरवळीवर हजार जीव सोडणे हा त्यांना उपाशी मारण्याचाच प्रकार आहे, आणि मुलांच्या मनात मात्र आपण त्यांना स्वातंत्र्य दिले असे राहील.

दिंडोरीची_द्राक्षे:

निफाडच्या दादांचे सगळे पटले, पण बागाईतदारांच्या बाजूचे थोडे लिहितो, म्हणजे विकत घेणारा प्रत्येक जण चुकतो असा समज व्हायला नको. माझी साडेचार एकर द्राक्षबाग आहे. मिलीबग खोडाच्या आणि ओलांड्याच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीच्या, सुटलेल्या सालीखाली बसतो. फवारा तिथपर्यंत पोहोचत नाही, आणि मण्यांत पाणी उतरल्यावर तो घडात शिरला की माल निर्यातीतून बाद होतो. त्या वेळी औषध मारावे तर मण्यांत अंश राहतो. म्हणून मी गेली काही वर्षे मिलीबग असलेल्या वेली फीत बांधून ठेवतो आणि फक्त त्यांच्यावर, वेलीमागे साधारण दहा, असे क्रिप्टोलिमस सोडतो. किडे मी कुरिअरने मागवत नाही. स्वतः प्रयोगशाळेत जातो, सावलीत ठेवून आणतो आणि त्याच संध्याकाळी सोडतो.

पहिल्या वर्षी माझ्याकडून मोठी चूक झाली. या भुंगेऱ्याची अळी अंगावर पांढरे मेणाचे झुपके घेऊन फिरते आणि हुबेहूब मोठ्या मिलीबगसारखी दिसते. मजुरांना मी सांगितले नव्हते. त्यांनी कापडाने खोड पुसताना, मोठ्या इमानदारीने, सगळ्या अळ्या चिरडून टाकल्या. आता दर हंगामात एक अळी आणि एक मिलीबग तळहातावर शेजारी ठेवून दाखवतो. काडीने डिवचले की अळी तुरुतुरु पळते, मिलीबग जागचा फारसा हलत नाही.

दुसरी चूक मला जास्त लागली. एका वर्षी भुंगेरे सोडल्यावर आठव्या दिवशी फुलकिडे वाढले आणि मी घाबरून फवारणी केली. संध्याकाळी वेलीखाली मीच सोडलेले भुंगेरे पडलेले होते. ज्याला आपण कामाला बोलावले त्यालाच विष घातले, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. तेव्हापासून माझा नियम असा आहे की पुढचे किमान तीन आठवडे जहाल औषध न मारण्याची तयारी असेल तरच किडे आणायचे. ताई, सोसायटीच्या बागेत माळी काय फवारतो हे आधी विचारा. आमच्या पाहुण्यांच्या सोसायटीत दर पंधरवड्याला डासांसाठी धूर मारतात. तिथे हजार लेडीबर्ड सोडण्याला काय अर्थ आहे?

आणि मुंगळ्यांकडे लक्ष द्या. मावा आणि मिलीबग जो गोड चिकटा टाकतात तो मुंगळ्यांना हवा असतो, त्यामुळे ते ढालकिड्यांना हुसकावून लावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवली तरी मुंगळ्यांची वाट बंद होते.

पंचवटीच्या_आजी:

मी पंचवटीत राहते. वय एकाहत्तर. आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर रुईची झुडपे आहेत. थंडीत त्यांच्या शेंड्यांवर पिवळाजर्द मावा येतो, आणि आठ-दहा दिवसांत त्याच शेंड्यावर ढालकिडे दिसू लागतात, तांबूस पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असलेले. त्यांच्या अळ्या काळसर, लांबट, मगरीच्या पिल्लासारख्या दिसतात, आणि बहुतेक लोक त्यांनाच कीड समजून मारतात. पानाच्या मागच्या बाजूला पिवळ्या, उभ्या ठेवलेल्या, तांदळाच्या कणीहून लहान अंड्यांचा पुंजका दिसला तर ते पान कधी तोडू नका, बाळे हो.

रुईवरचा पिवळा मावा सहसा आपल्या भाजीवर येत नाही. म्हणून ती रुई मी कोणाला तोडू देत नाही. तिथे ढालकिडे वाढतात आणि खाणे संपले की माझ्या वालावर येतात. एका कोपऱ्यातल्या कुंडीत दर वर्षी चवळी पेरते आणि तिच्यावरचा मावा तसाच राहू देते. बाकी झाडांवर फारच झाला तर सकाळी पाण्याच्या धारेने धुते. शेवंतीच्या बाबतीत मात्र मन घट्ट करावे लागते, कारण कळ्या डोळ्यांसमोर काळ्या होतात आणि ढालकिडा माव्याच्या मागून येतो, आधी येत नाही. जो माणूस मावा दिसताच सगळा पुसून काढतो त्याच्याकडे तो येईल तरी कशासाठी?

एक सावधगिरी सांगते. वांग्याच्या पानावर पुष्कळ ठिपक्यांचा, मळकट तांबड्या रंगाचा, अंगावर बारीक लव असलेला असाच भुंगेरा असतो. तो याच कुळातला असला तरी पाने खातो आणि पानाची नुसती जाळी करून ठेवतो. माझ्या शेजारणीने हौसेने तो गोळा करून आपल्या बागेत सोडला आणि तिची वांगी गेली. ओळखल्याशिवाय कुठलाही जीव इकडून तिकडे नेऊ नये.

कॉलेजरोड_कुंड्या:

गांडुळांचा दाखला मी घाईने दिला, हे मान्य करतो. गांडूळ आपण खताच्या खड्ड्यात ठेवतो, त्याला खाणे आणि ओल देतो. या किड्यांना आपण बाटलीतून काढतो आणि तिथे आपली जबाबदारी संपली असे मानतो. हा फरक दिंडोरीच्या दादांचा अनुभव वाचून लक्षात आला. मुलांना ढालकिडा जवळून दाखवावा, हे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

इंदिरानगरची_गच्ची:

सर्वांचे मनापासून आभार. समितीला मी लेखी कळवले की हजार लेडीबर्ड मागवू नयेत, आणि कारणे इथल्याच उत्तरांवरून लिहिली. दोघांना ते आवडले नाही, कारण वर्गणी गोळा करायला सुरुवात झाली होती. शेवटी असे ठरले की २६ तारखेला झेंडावंदनानंतर मुलांना भिंगे देऊन बागेतला मावा आणि त्यावरचे किडे दाखवायचे, आणि तोपर्यंत बागेत कसलीही फवारणी करायची नाही. डासांच्या धुराबद्दल विचारले, तर तो आमच्याकडेही दर पंधरा दिवसांनी मारला जातो हे मला प्रथमच कळले. तो बागेच्या बाजूने बंद करावा की नाही यावर अजून एकमत झालेले नाही, आणि डेंग्यूची भीती खरी असल्यामुळे त्यात मी हट्ट धरलेला नाही.

शेवंतीच्या चार कुंड्या पाण्याने धुतल्या, पाचवी तशीच ठेवली. काल सकाळी वालाच्या एका पानामागे पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला, मुलीने मोजली तर अठरा अंडी. त्या पानाला तिने लोकरीचा लाल दोरा बांधला आहे.

निफाडच्या दादांनी सांगितले म्हणून पहिल्या मजल्यावरच्या काकूंची जास्वंद पाहिली. तिच्या फांद्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण पुष्कळ आहे, आणि त्यात नारिंगी डोक्याचे आमचे दोन भुंगेरे सापडले. काकू रविवारी त्या झाडावर औषध मारणार होत्या. मी त्यांना तीन आठवडे थांबायला सांगितले आहे, आणि पांढऱ्या झुपक्यांची अळी दिसली तर ती पुसू नका, आधी मला हाक मारा, असेही सांगून आले.